विंडोज, लिनक्स आणि मॅक : एका कॉम्प्युटरचं फोल्डर दुसऱ्यावर कसं उघडायचं?

छापखाना असो, सीएचं ऑफिस असो, शाळा असो की वाचनालय, आपल्याकडे हल्ली एकाच छताखाली तीन जातींचे कॉम्प्युटर नांदतात. हिशेबाच्या टेबलावर विंडोज ११, डिझाइन करणाऱ्याकडे मॅक आणि कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर लिनक्स मिंट किंवा उबंटू. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ न चालणारं मशीन भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकणारे त्यामुळे वाढलेत. मशीन चालू झालं की पहिला प्रश्न येतो : "अरे, पण त्याच्यातून आपलं फोल्डर दिसत नाही की!"

मग पेन ड्राइव्ह या टेबलावरून त्या टेबलावर फिरायला लागतो. एकाच पत्रिकेच्या चार प्रती होतात आणि छापायला नेमकी जुनी जाते. नाहीतर कुणीतरी येतो, फायरवॉल बंद करतो, फोल्डर सगळ्यांना सताड उघडं करतो आणि "झालं काम" म्हणून निघून जातो. काम होतं खरं, पण व्हायरस शिरायला वाटही मोकळी होते. हे दोन्ही टाळून फोल्डर शेअर कसं करायचं, ते इथं क्रमाने दिलं आहे. मेनूंची नावं इंग्रजी मेनूप्रमाणे आहेत. मशीन कन्नड, हिंदी किंवा गुजरातीत ठेवलं असेल तर नावं बदलतील, जागा त्याच राहतील.

तिघांची समान भाषा : एसएमबी

विंडोज, मॅक आणि लिनक्स हार्ड डिस्कवर फाइल वेगवेगळ्या पद्धतीने ठेवतात. पण नेटवर्कवरून फाइल मागताना आणि देताना तिघांनाही एक पद्धत कळते, ती म्हणजे एसएमबी. १९८० च्या दशकात आयबीएममध्ये ती सुरू झाली, पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. लिनक्सला ती शिकवण्याचं काम सांबा नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने केलं. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात शिकत असलेल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी ते लिहायला घेतलं आणि १९९२ च्या सुरुवातीला लोकांना दिलं. एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द डिक्शनरीत शोधताना 'सांबा' हे नाव त्यांना सापडलं. ॲपलची पूर्वी वेगळी पद्धत होती, पण २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून मॅकही आधी एसएमबीच वापरतो.

म्हणजे तिघांमध्ये दुवा म्हणून वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. लागतं ते एवढंच : दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर, दोघांना कळणारी एसएमबीची आवृत्ती, आणि योग्य युजरनेम-पासवर्ड. अडचण नव्वद टक्के वेळा यातल्याच कुठल्यातरी एका ठिकाणी असते, असं धरून शोधायला लागलं तर वेळ वाचतो.

जुनी आवृत्ती चालू करू नका

एसएमबीची पहिली आवृत्ती आता धोकादायक मानली जाते. १२ मे २०१७ ला जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस त्याच आवृत्तीतल्या त्रुटीतून एका मशीनवरून दुसऱ्यावर उडी मारत गेला. फाइल कुलूपबंद करून पैसे मागणं हे त्याचं काम. ती त्रुटी बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. ज्यांनी तो घातला नव्हता ते सापडले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये पहिली आवृत्ती दिलीच जात नाही. सांबानेही २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून ती बंद ठेवली आहे.

विंडोज ७ ला दुसरी आवृत्ती येते, त्यामुळे ते नव्या मशीनशी बोलू शकतं. विंडोज एक्सपीला मात्र पहिलीच येते. एखादी जुनी मशिनरी एक्सपीवरच चालते म्हणून तो कॉम्प्युटर ठेवला असेल, तर त्याच्यासाठी बाकी सगळ्या मशीनवर पहिली आवृत्ती चालू करणं म्हणजे एका खोलीच्या चावीसाठी वाड्याचा दरवाजा काढून ठेवण्यासारखं आहे. एक्सपीला नेटवर्कबाहेर ठेवा, त्याच्यापुरता पेन ड्राइव्ह वापरा. स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणाऱ्या जुन्या झेरॉक्स मशीनचंही असंच असतं. तिथे स्कॅन पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलवर घेता येतं का ते बघा.

सुरुवात करण्याआधी

१. दोन्ही मशीन एकाच राउटरवर आहेत का ते पाहा. बऱ्याच ठिकाणी फायबरवाल्याने दिलेला एक राउटर आणि रेंज वाढवायला घेतलेला दुसरा, असे दोन असतात. एका मशीनचा आयपी पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर बहुधा ती दोन वेगळी नेटवर्क आहेत. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका.

२. गेस्ट वाय-फायवर जोडलेलं मशीन सहसा इतरांना दिसत नाही. पाहुण्यांसाठी ते बरोबरच आहे. ऑफिसची मशीन मुख्य वाय-फायवर किंवा केबलवर ठेवा.

३. ज्या मशीनवर फोल्डर आहे त्याचा आयपी पत्ता लिहून घ्या. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क, मग चालू जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये तो 'आयपीव्ही४' समोर दिसतो. मॅकमध्ये सेटिंग्जमधल्या वाय-फायच्या 'डिटेल्स'मध्ये आणि मिंटमध्ये नेटवर्क सेटिंग्जमध्ये मिळतो. राउटर हा पत्ता अधूनमधून बदलतो. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये त्या मशीनसाठी पत्ता राखून ठेवा. 'काल चालत होतं, आज नाही' या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण आहे.

४. शेअर करायचं फोल्डर वेगळं बनवा. पूर्ण डी ड्राइव्ह किंवा डेस्कटॉप शेअर करू नका. फोल्डरचं शेअर-नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं आणि मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवलं की टाइप करताना त्रास होत नाही.

या लेखात उदाहरण म्हणून पत्ता १९२.१६८.१.१० आणि फोल्डर 'कामकाज' धरलं आहे. प्रत्यक्षात आकडे आणि अक्षरं इंग्रजीतच टाइप करायची.

फोल्डर विंडोजवर असेल तर

आधी सेटिंग्जमध्ये नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' करा. 'पब्लिक'वर असेल तर फायरवॉल बाहेरच्यांना आत येऊ देत नाही, आणि स्टेशनवर किंवा हॉटेलात ते योग्यच असतं. मग 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये प्रायव्हेटखालची 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' ही दोन बटणं चालू करा. फायरवॉल पूर्ण बंद करण्याची गरज नाही.

त्यानंतर शेअरिंगसाठी वेगळं लोकल खातं उघडा. सेटिंग्ज, अकाउंट्स, 'अदर यूजर्स', 'ॲड अकाउंट' असं गेल्यावर विंडोज ईमेल मागतं. तिथे ईमेल माहीत नसल्याचा पर्याय घेऊन पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याविना यूजर बनवण्याचा पर्याय निवडा. नाव सोपं, पासवर्ड पक्का.

आता फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'शेअरिंग' आणि 'शेअर' बटण. यादीत नवं खातं घाला. ज्याने नुसतं बघायचं त्याला 'रीड', ज्याने बदलही करायचे त्याला 'रीड-राइट'. 'एव्हरीवन'ला सगळे अधिकार देऊन मोकळं होऊ नका.

इथे तीन गोष्टींत लोक हमखास अडकतात :

- विंडोज सुरू करताना टाकतो तो चार आकडी पिन नेटवर्कवर चालत नाही. खात्याचा खरा पासवर्डच लागतो.
- पासवर्ड रिकामा असलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.
- फोल्डरवर दोन पहारे असतात : एक 'शेअरिंग'चा, दुसरा 'सिक्युरिटी'चा. दोघांपैकी जो कडक, त्याचं चालतं. शेअरिंगमध्ये लिहायची परवानगी दिली, तरी सिक्युरिटीत नसेल तर फाइल सेव्ह होणार नाही.

ते मॅक आणि लिनक्सवर उघडायचं कसं?

मॅकवर फाइंडर उघडा, 'गो' मेनूतलं 'कनेक्ट टू सर्व्हर' निवडा. चौकटीत आधी एसएमबी ही तीन अक्षरं, मग कोलन, दोन सरळ तिरक्या रेघा, पत्ता, एक तिरकी रेघ आणि फोल्डरचं नाव, म्हणजे एसएमबी://१९२.१६८.१.१०/कामकाज असं लिहा. विचारल्यावर विंडोजवर बनवलेल्या खात्याचं नाव आणि पासवर्ड द्या. मॅकचा स्वतःचा पासवर्ड इथे चालणार नाही.

लिनक्स मिंटमध्ये फाइल मॅनेजर उघडून कंट्रोल आणि एल ही बटणं एकदम दाबली की वरची पट्टी लिहिण्यासाठी मोकळी होते. तिथेही तोच पत्ता. उबंटूच्या फाइल्स ॲपमध्येही हीच युक्ती चालते. 'डोमेन' असा रकाना आला तर आहे तसा सोडा. उघडल्यावर बुकमार्क करून ठेवा.

लिनक्सवर हे फोल्डर मशीन सुरू होतानाच जोडलं जावं अशी सोय करताना दोन गोष्टी सांगायला विसरू नका. एक, फाइलची मालकी तुमच्या यूजरकडे द्या, नाहीतर ती रूटकडे जाते आणि फाइल दिसतात पण लिहिता येत नाहीत. दुसरी, फोल्डर सापडलं नाही तरी मशीन सुरू व्हावं असा पर्याय घाला. नाहीतर समोरचा कॉम्प्युटर बंद असलेल्या दिवशी हाही सुरू होताना अडून बसेल.

फोल्डर लिनक्सवर असेल तर

मिंटमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून 'शेअरिंग ऑप्शन्स' घेतलं की सांबा नसल्यास ते इन्स्टॉल करायला सांगतं. इन्स्टॉल झाल्यावर एकदा लॉग आउट करून परत या. मग शेअर चालू करा, लिहायची परवानगी हवी तर तीही द्या, पण 'गेस्ट ॲक्सेस' चालू करू नका.

यापुढची पायरी बहुतेक जण विसरतात. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या लॉगिन पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि तो आपण स्वतः ठरवल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही. त्यासाठी टर्मिनलमध्ये 'सुडो', मग एस-एम-बी-पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी हा शब्द, मग वजाचं चिन्ह जोडून ए हे अक्षर आणि शेवटी यूजरनेम, असं सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये एकेक जागा सोडून लिहा. दोनदा पासवर्ड विचारेल. टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, घाबरू नका. लिनक्सची फायरवॉल चालू असेल तर तिच्यात सांबाला परवानगी द्या.

विंडोजवरून ते उघडताना फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरुवात करायची : \\१९२.१६८.१.१०\कामकाज. मॅक-लिनक्सच्या रेघा सरळ, विंडोजच्या उलट्या. रोज लागत असेल तर 'धिस पीसी'मधल्या तीन टिंबांच्या मेनूतून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' घ्या आणि वेगळ्या नावाने जोडण्याच्या पर्यायावर टिक करा. विंडोज आपलं मायक्रोसॉफ्ट खातंच पुढे करत राहिलं, तर यूजरनेमच्या आधी लिनक्स मशीनचा पत्ता आणि एक उलटी रेघ लिहा.

फोल्डर मॅकवर असेल तर

सिस्टिम सेटिंग्ज, 'जनरल', 'शेअरिंग', मग 'फाइल शेअरिंग' चालू. बाजूच्या आय चिन्हावर क्लिक करून फोल्डर आणि यूजर घाला. नंतर 'ऑप्शन्स'मध्ये एसएमबी चालू आहे ना ते बघा आणि 'विंडोज फाइल शेअरिंग'खाली आपल्या यूजरच्या नावासमोर टिक करून पासवर्ड द्या. ही टिक राहिली की मॅक विंडोजला दिसतो, पण पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नाही.

आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे. अँड्रॉइडवर एसएमबी चालणारं फाइल मॅनेजर ॲप घ्यावं लागतं.

अडलं तर : संदेश काय सांगतो?

*'नेटवर्क'मध्ये मशीन दिसतच नाही.* दिसणं आणि उघडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज, मॅक आणि लिनक्स शेजाऱ्यांना शोधायला वेगवेगळ्या पद्धती वापरतात, त्यामुळे यादीत नाव न येणं नेहमीचंच. थेट पत्ता लिहून बघा. उघडलं तर प्रश्न संपला.

*'नेटवर्क पाथ नॉट फाउंड', किंवा शेवटी ३५ असलेला ८००७००३५ हा आकडा.* मशीनपर्यंत पोचताच येत नाहीये. पत्ता बदलला का, नेटवर्क पब्लिक झालं का, समोरचं मशीन झोपी गेलंय का, हे बघा. एसएमबी ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतं, अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल ते अडवत असू शकते.

*पासवर्ड चुकीचा असल्याचं सांगतो, किंवा एरर १३२६.* बहुधा पिन टाकला आहे, किंवा सांबाचा पासवर्ड ठरवलेला नाही. कंट्रोल पॅनेलच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जुना पासवर्ड साठून बसला असेल तर तो काढा.

*'ॲक्सेस डिनाइड'.* आत शिरलात, पण या फोल्डरची परवानगी नाही. वर सांगितलेले दोन्ही पहारे तपासा.

*एकापेक्षा जास्त नावांनी जोडता येत नाही, एरर १२१९.* विंडोज एका मशीनशी एकाच वेळी एकाच खात्याने बोलतं. आधीची जोडणी तोडा किंवा लॉग आउट करून परत या.

*सुरक्षा धोरणामुळे गेस्ट प्रवेश अडवला आहे.* विंडोज ११ प्रोवर २४एच२ आवृत्ती आल्यापासून हा संदेश खूप जणांना दिसतो. पासवर्ड नसलेलं फोल्डर उघडायला त्या आवृत्तीने नकार देणं सुरू केलं, शिवाय प्रत्येक जोडणीवर सही मागायला लागली. राउटरला पेन ड्राइव्ह लावून शेअर करणारे किंवा जुना नेटवर्क डिस्क बॉक्स वापरणारे इथे अडकतात. व्हिडिओ बघून विंडोजची सुरक्षा सैल करण्याआधी त्या बॉक्सवर युजरनेम-पासवर्ड लावता येतो का आणि त्याचा अपडेट आहे का ते बघा. दोन्ही नसेल, तर तो बदलायची वेळ आली आहे.

मराठी फाइलनावांचे खास घोळ

इंग्रजी माहितीपत्रकांत हे सहसा सापडत नाही, पण आपल्याला रोज लागतं.

*विसर्गाऐवजी कोलन.* 'पुनःप्रत' लिहिताना विसर्ग सापडला नाही की आपण कोलन मारतो. लिनक्स ते चालवून घेतं, पण विंडोजला फाइलनावात कोलन, प्रश्नचिन्ह, फुली-तारा, दुहेरी अवतरण, तिरक्या रेघा, उभा दंड आणि लहान-मोठ्याची चिन्हं चालत नाहीत. सांबा मग विंडोजला भलतंच आखूड नाव दाखवतो. 'सभा १२:३०' असंही नाव देऊ नका.

*ऱ्य आणि ऱ्ह.* 'शेतकऱ्यांची यादी' यातला अर्धा र दोन-तीन प्रकारे टाइप होतो : कुणी नुक्त्याचा ऱ घेतो, कुणी अदृश्य जोडचिन्ह वापरतो. शिवाय मॅकची जुनी डिस्क-पद्धत ऱ ला र आणि नुक्ता असं फोडून साठवते. पडद्यावर सगळं सारखंच दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती वेगळी नावं. म्हणून शोध घेतला तर फाइल सापडत नाही, किंवा एकाच नावाच्या दोन फाइल शेजारी-शेजारी दिसतात. त्या 'डुप्लिकेट' समजून एक उडवण्याआधी दोन्ही उघडून बघा.

*लांबलचक नावं.* लिनक्सच्या नेहमीच्या डिस्क-पद्धतीत नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीतलं अक्षर तीन. मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे मराठी नाव जेमतेम ८५ चिन्हांचं होऊ शकतं. विंडोजवर २५५ चिन्हं चालतात, त्यामुळे तिथे बिनबोभाट सेव्ह झालेली फाइल लिनक्सवर कॉपी होताना अडते. फाइलच्या नावातच अख्खा ठराव लिहायची सवय सोडलेली बरी.

*आकडे आणि तारखा.* काही फाइलना १, २ आणि काहींना इंग्रजी आकडे दिले की क्रम बिघडतो. सगळ्यांनी मिळून एकच ठरवा. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिली की यादी आपोआप क्रमाने लागते.

*फाँट.* फोल्डर शेअर केल्याने फाँट जात नाही. श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेवमधली जुनी फाइल, किंवा नुडीतला जुना कन्नड मजकूर, तो फाँट नसलेल्या मशीनवर अगम्य दिसणारच. फाइल खराब झाली म्हणून तीच परत सेव्ह करू नका. छापायला पाठवायचं असेल तर मूळ मशीनवरून पीडीएफ काढा. नवं काम युनिकोडमध्ये करा.

दोघांनी एकच फाइल उघडली तर

वर्ड किंवा लिबर ऑफिसमध्ये फाइल उघडली की शेजारी एक छोटी तात्पुरती फाइल तयार होते, 'ही कुणीतरी वापरतंय' अशी पाटी म्हणून. एकाने वर्डमध्ये आणि दुसऱ्याने लिबर ऑफिसमध्ये उघडली, तर एकाची पाटी दुसऱ्याला वाचता येईलच असं नाही. 'रीड ओन्ली' असा संदेश आला तर वेगळ्या नावाने सेव्ह करण्याऐवजी आधी हाक मारून विचारा. मॅक मागे सोडतो त्या टिंबाने सुरू होणाऱ्या फाइल निरुपद्रवी असतात.

शेअर म्हणजे बॅकअप नव्हे

शेअर केलेलं फोल्डर सगळ्यांना दिसतं, तसंच एका मशीनमध्ये शिरलेल्या व्हायरसलाही दिसतं. खंडणीचा व्हायरस एका टेबलावरून आत आला, तर ज्या-ज्या फोल्डरवर त्या खात्याला लिहायची परवानगी आहे ते सगळं कुलूपबंद होतं : पंचवीस वर्षांच्या दिवाळी अंकांच्या फाइल, संस्थेची सभासद यादी, विद्यार्थ्यांचे दाखले. म्हणून :

- जुन्या कामाचं फोल्डर सगळ्यांना 'रीड' ठेवा. 'रीड-राइट' चालू कामापुरतंच.
- आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घ्या आणि मग ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली तर तीही जाईल.
- महिन्यातून एकदा त्या कॉपीतली एखादी फाइल उघडून बघा.
- नोकरी सोडून गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद करा.
- राउटरवर ४४५ पोर्ट इंटरनेटसाठी उघडू नका. निपाणीच्या शाखेतून बेळगावचं फोल्डर उघडायचं असेल, किंवा म्हापशातून पणजीचं, तर व्हीपीएन लावा किंवा क्लाउड वापरा.

सगळं जुळलं की आयपी पत्ता, फोल्डरचं नाव आणि कुणाला कोणती परवानगी आहे हे एका वहीत लिहून ठेवा. पासवर्ड त्या वहीत नको, तो जबाबदार माणसाकडे वेगळा असू द्या. पुढच्या वेळी मशीन बदललं किंवा दुरुस्तीवाला आला, तर त्याला आधी ही वही दाखवा आणि फायरवॉल बंद करायची नाही, एवढं बजावून सांगा.